शिवलेली नौका, बांधलेले शरीर

धार हे नगर समुद्रापासून पुष्कळ दूर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. दक्षिणेकडे नर्मदा वाहते आणि पुढे भडोचजवळ सागरास मिळते, एवढाच काय तो त्याचा समुद्राशी संबंध. तथापि अकराव्या शतकात येथे राज्य करणाऱ्या परमार भोजाच्या नावावर जी विपुल ग्रंथसंपदा मोडते, तिच्यातील ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात नौकांविषयी एक सविस्तर प्रकरण आहे. तो ग्रंथ सर्वस्वी भोजाच्या हातचा की मागाहून त्याच्या नावावर चढलेला, याविषयी पंडितांत एकमत नाही. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली भारतीय नौकानयनावरील आपल्या इंग्रजी इतिहासात हस्तलिखितावरून त्याचा परिचय करून दिला आणि १९१७ साली कलकत्त्यास ग्रंथ छापून निघाला.

त्यात एक नियम असा आहे की, समुद्रावर जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, दोरीने बांधाव्यात. कारण समुद्रातील लोहचुंबकाचे खडक लोखंडास ओढून नौकेचा नाश करतील. हे कारण आज कोणास पटण्याजोगे नाही. टॉलेमीनेही आपल्या भूगोलात चुंबकी बेटांची अशीच कथा दिली आहे. परंतु कारण काल्पनिक असले म्हणून रीत काल्पनिक ठरत नाही. काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून केलेल्या नौका हिंदी महासागरात शतकानुशतके चालत आल्या. खिळ्यांनी ठोकलेले तारू वाळूवर आदळले, तर सारा ताण खिळ्यापाशी साठतो आणि फळी तेथे चिरते. शिवलेली नौका किंचित वाकते. एका फळीवर बसलेला तडाखा टाक्याटाक्यांतून शेजारच्या फळ्यांत वाटला जातो. गोव्यात याच पद्धतीने बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या लेण्यातील एका चित्रावरून घेतलेला आहे.

फळ्या बांधलेल्या नौकेची हीच प्रतिमा भोजाच्या कितीतरी शतके आधी एका वैद्याने मनुष्यदेहास लावली होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, स्नायूंचे वर्णन येते. अनेक बंधनांनी बांधलेली फळ्यांची नौका जशी पाण्यावर भार वाहते, तसे स्नायूंनी बांधलेल्या संधींमुळे शरीर भार सहन करते, असे तेथे म्हटले आहे.

येथे शब्दांचा घोटाळा आधी दूर केला पाहिजे. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस. सुश्रुताच्या भाषेत त्या मांसास ‘पेशी’ म्हणत, आणि ‘स्नायू’ म्हणजे बांधणारे तंतुमय द्रव्य. पुढे पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्म घटकाकडे गेला, त्याच्या रिकाम्या जागी स्नायू येऊन बसला, आणि बांधणाऱ्या द्रव्याला मराठीत नावच उरले नाही. मग ‘संयोजी ऊतक’ असा नवा शब्द घडवावा लागला. त्यातील ‘ऊत’ म्हणजे विणलेले, एवढी जुनी खूण मात्र त्यात राहिली आहे. यापुढे येथे स्नायू हा शब्द आजच्याच अर्थाने वापरला आहे.

सुश्रुताने पेशी ५०० सांगितल्या आणि बंधने ९००. त्या बंधनांचे त्याने चार प्रकार केले: पसरणारी, गोल, रुंद आणि पोकळ. हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे दुखावल्याने माणूस जितका पंगू होत नाही, तितका या बंधनांना इजा झाल्याने होतो, असेही तो बजावतो. त्याची निरीक्षणाची पद्धतही ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रेत गवताने वा सालीने गुंडाळून वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावयाचे आणि मग वाळा, केस किंवा बांबू यांच्या कुंचीने हळूहळू घासत एकेक थर पाहत आत जावयाचे. पाश्चात्त्य शरीरशास्त्राने वेगळा मार्ग धरला. व्हेसॅलियसच्या १५४३ च्या ग्रंथातील सुंदर चित्रांत प्रत्येक स्नायू सुटा दिसतो, कारण चाकूने मधले पांढुरके पटल आधीच काढून टाकलेले असते. पुढे इटलीच्या बोरेल्लीने सतराव्या शतकात हाडे म्हणजे तरफा व स्नायू म्हणजे त्यांना ओढणारे दोर असे गणित मांडले. ते गणित उपयुक्त होते, आजही आहे. परंतु त्यात एक गृहीत लपलेले राहिले: प्रत्येक दोर आपल्यापुरता ओढतो आणि त्याचा सर्व जोर त्याच्या टोकाच्या कंडरेतूनच हाडाकडे जातो.

या गृहीताला तडा गेला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सिबिल स्ट्रीट यांनी १९८३ साली बेडकाच्या स्नायुतंतूंवरील प्रयोगांत दाखविले की, तंतूचा ताण केवळ टोकाकडे न जाता बाजूने शेजारच्या तंतूंतही उतरतो. त्यानंतर ॲमस्टरडॅमच्या पीटर हाउयिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पायातील बोटे उचलणारा स्नायू निवडला. त्याच्या दोन्ही टोकांशी एकाच वेळी जोर मोजला असता दोन्ही आकडे समान येत नाहीत असे आढळले. दोर एकटा असता तर दोन्ही टोकांशी ओढ सारखीच भरली असती. जो फरक उरतो, तो भोवतालच्या संयोजी ऊतकांतून शेजारचा स्नायू, हाड व आवरण यांकडे गेलेला असतो. शेजाऱ्याच्या संदर्भात स्नायूची जागा जरा सरकविली, तरी हे आकडे बदलतात.

देवासचे उदाहरण येथे सहज आठवते. पवार बंधू तुकोजी व जिवाजी यांच्यापासून तेथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. एकच गाव, त्यात दोन दरबार आणि दोन कारभार, १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. कागदावर सीमा स्पष्ट होती. पण बाजार एक, टेकडीवरची देवी एक. एका पातीत झालेली ओढाताण दुसरीस जाणवल्याशिवाय कशी राहणार?

अर्थात या शोधाचा अतिरेकही होऊ लागला आहे. शरीराच्या एका टोकास दाबले की दुसऱ्या टोकाचे दुखणे बरे होते, असे सांगणारे पुष्कळ निघाले आहेत. त्यांस या प्रयोगांचा आधार नाही. मांजराच्या पोटरीवरील २००८ सालच्या एका अभ्यासात, नैसर्गिक हालचालीत शेजारी स्नायू बरोबरच सरकत असल्याने, असा आडवा जाणारा जोर अल्पच आढळला. तसेच सुश्रुतास हे सर्व ठाऊक होते, असे म्हणणेही अयोग्य होय. त्याने बंधनांचे महत्त्व ओळखले. जोर मोजला नाही, आणि मोजण्याचे साधनही त्याच्यापाशी नव्हते.

मात्र जेथे शरीर निरोगी नाही, तेथे ही गोष्ट शस्त्रवैद्याच्या सुरीपर्यंत येऊन पोहोचते. जन्माच्या सुमारास मेंदूस इजा झालेल्या मुलांचे मनगट पुष्कळदा आत वळून घट्ट होते. ते सरळ व्हावे म्हणून करंगळीच्या बाजूचा, मनगट वाकविणारा स्नायू त्याच्या कंडरेपाशी कापून दुसरीकडे जोडतात. कंडरा तुटताच स्नायू ताणलेल्या रबराप्रमाणे आखडावा, अशी अपेक्षा. ॲमस्टरडॅमच्या शस्त्रवैद्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळीच मोजमाप केले, तेव्हा तो फारसा आखडत नाही असे दिसले. एवढेच नव्हे, तर कंडरा तुटलेली असतानाही मनगट हलविले की तो स्नायू त्याबरोबर सरकत होता; भोवतालच्या पटलांनी त्याला धरून ठेवले होते. ती पटले सोडविल्यावर मगच तो बराचसा मोकळा झाला. म्हणून अशा शस्त्रक्रियेत कंडरा कोठे तोडावयाची याइतकाच, स्नायू किती लांबीपर्यंत भोवतालापासून सोडवावयाचा, हाही विचार करावा लागतो. कारण मुलाचे मनगट नंतर किती सरळ होईल, हे त्यावरही अवलंबून राहते.