पन्हळीचा दगड

पालघर, बोईसर, तारापूर हा मुलूख काळ्या कातळाचा. अशा कातळाच्या पोकळ्यांत अकीक व गारगोटी जमते. कोंकणच्या अश्मयुगीन कारागिरानें आपलीं चिमुकलीं पातीं काढलीं तीं अशाच दगडांतून. टॉड यांनीं १९५० सालीं मुंबईच्या परिसरांतील या सूक्ष्म हत्यारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

अमेरिकेंत फॉल्सम येथें १९२७ सालीं बायसनाच्या हाडांत जें दगडी भालाग्र सांपडलें, त्याच्या अंगावर बुडापासून वर गेलेली पन्हळ होती. कोंकणांत पन्हळ उमटली ती हत्यारावर नव्हे, पातीं काढून उरलेल्या गाभ्यावर.

तसा गाभा आज हातानें घडवूं पाहणारास प्रथम सपाट माथा करावा लागतो. मग दोहों बाजूंनीं ठोके देऊन तो एक उभी धार उठवितो. माथ्याच्या कडेवर सांबरशिंगाचें टोंक टेकून दाब दिला, कीं पहिलें पातें त्या धारेसह सुटतें आणि मागें दोन नव्या कडा ठेवतें. पुढचीं पातीं त्याच वाटेनें जातात. दाब कमी पडला, तर पातें अर्ध्यावर मोडतें व गाभा बिघडतो.

अशा नकलेनें जुन्या हातांचें कौशल्य कळतें. परंतु ती शेतांत टाकली, तर इतिहास खोटा होतो. यास्तव नकलेवर साल कोरावें, तिचा चुरा नव्या नाण्यासह पुरावा. तारापुरास १९६९ सालीं अणुवीजकेंद्र सुरू झालें, बोईसरास कारखाने उठले. जेथें जमीन उलथते, तेथें खरी ठिकरी ओळखणारा डोळा हवा. आणि ती दिसली, तर उचलण्यापूर्वीं तिची जागा टिपणारा हातहि हवा.