'हयगयीने व भरधाव' यात मोबाइल कुठंय?

अपघाताच्या बातम्या करून वीसेक वर्षं झाली. फिर्यादीतलं एक वाक्य आता पाठ झालंय: 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून...' ड्रायव्हर फोनवर होता हे चहाच्या टपरीवर सगळे सांगतात, कागदावर मात्र येत नाही.

हयगय आणि अविचार हे शब्द १८६० च्या दंड संहितेतले, कलम २७९. तेव्हा आपल्याकडे मोटारच नव्हती. रस्त्यावर टांगे अन् बैलगाड्या.

मोटार वाहन कायदा आला १९८८ ला. त्यातलं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगचं, पण त्यात मोबाइल असणार कसा? देशातला पहिला मोबाइल कॉलच ३१ जुलै १९९५ चा. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. पुढं फोन खिशाखिशात गेला, कलम होतं तसंच राहिलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलं, गाडी चालवताना फोन वापरला तर लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. आपल्या भागात किती झाली, तुम्हीच आठवून बघा.

गंमत झाली २०१८ ला केरळमध्ये. तिथल्या हायकोर्टाने म्हटलं, गाडी चालवताना नुसतं फोनवर बोललं म्हणून केरळ पोलीस कायद्याखाली गुन्हा होत नाही, लोकांना धोका झाला हे दाखवावं लागेल. लोक कोर्टावर चिडले. माझ्या मते कोर्ट बरोबर होतं. जे लिहिलेलंच नाही ते न्यायाधीश कुठून वाचणार?

शेवटी २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८४ मध्ये 'हातात धरायची संपर्क साधनं' स्पष्ट लिहिली गेली. पहिल्या वेळी दंड १ ते ५ हजार, किंवा कैद. १ सप्टेंबरपासून देशात लागू. महाराष्ट्रात? विधानसभा तोंडावर होती, सरकारने नवे दंड थांबवले. ते लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून, केंद्राने रस्ता बघण्यापुरता फोन चालेल अशी सवलतही दिली.

आता स्टँडवर फोन लावून रील बघणाऱ्याचं काय? फोन हातात नाही, म्हणजे पुन्हा 'धोकादायक' सिद्ध करत बसा. ब्लूटूथवर भांडणाऱ्याचंही तेच.

१ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली, २७९ च्या जागी न्याय संहितेचं २८१ आलं. शब्द जवळपास तेच. कुणी फोनवर होतं का, हे कॉल रेकॉर्ड मागवलं तर मिनिटानिशी कळतं. म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकतोय: गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात किती प्राणांतिक अपघातांत चालकाचं कॉल रेकॉर्ड मागवलं? उत्तर आलं की इथंच टाकतो.