मोझांबिकचा युसेबिओ

फुटबॉलच्या खेळांत वेग ही निसर्गाची देणगी खरी. परंतु तिचें श्रेय कोणत्या देशानें घ्यावें, हा प्रश्न युसेबिओच्या चरित्रांत पदोपदीं उभा राहतो. २५ जानेवारी १९४२ रोजीं तो लोरेन्सो मार्केस येथें जन्मला. हेंच शहर आज मापुतो म्हणून ओळखलें जातें. मोझांबिक त्या वेळीं पोर्तुगालची वसाहत होती. मुलगा लहान असतांच वडील धनुर्वातानें वारले व संसाराचा भार आईवर पडला. मफालाला वस्तींतील अनवाणी मुलें चिंध्यांचा चेंडू करून खेळत. त्यांतलाच हा एक.

१९६० च्या डिसेंबरांत तो लिस्बनला आला. त्याचा मूळ संघ लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाच्या शाखेसारखा. पण त्याला उचललें प्रतिस्पर्धी बेन्फिकानें. त्यावरून तंटा माजला व नोंदणी कांहीं महिने अडली. पुढें २ मे १९६२ रोजीं अॅमस्टरडॅम येथें रेआल माद्रिदच्या पुश्कासनें पूर्वार्धांतच तीन गोल केले असतांहि बेन्फिकानें ५-३ असा विजय मिळविला. शेवटचे दोन गोल वीस वर्षांच्या युसेबिओचे होते.

पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघांतून तो प्रथम खेळला ऑक्टोबर १९६१ मध्यें. दोनच महिन्यांनीं, १९ डिसेंबर रोजीं, गोवा पोर्तुगीज अंमलांतून मुक्त झाला, हें श्रोत्यांच्या स्मरणांत असेलच. मोझांबिकला मात्र २५ जून १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. युसेबिओचे चौसष्ट आंतरराष्ट्रीय सामने व एकेचाळीस गोल, सर्व या मधल्या काळांतले! इटलींतून बोलावणें आलें असतां सालाझारनें आपणांस जाऊं दिलें नाहीं, असें तो पुढें सांगत असे.

२३ जुलै १९६६ रोजीं विश्वचषकाच्या उपउपांत्य सामन्यांत लिव्हरपूल येथें उत्तर कोरियाच्या चपळ खेळाडूंनीं पंचवीस मिनिटांत तीन गोल चढविले. प्रेक्षक थक्क झाले. मग युसेबिओ धांवूं लागला. गोल झाला कीं जाळ्यांतून चेंडू स्वतः उचलून तो मध्यरेषेकडे पळे. आनंद करण्यास वेळ कोठें होता? त्यानें लागोपाठ चार गोल केले, पैकीं दोन पेनल्टीचे. दुसऱ्या पेनल्टीपूर्वीं तो डाव्या बगलेनें असा सुटला कीं त्याला पाडल्यावांचून अडवितां येईना. सामना ५-३ असा जिंकला गेला. या संघाचा कर्णधार कोलूना हाहि मोझांबिकचाच. पुढें उपांत्य सामन्यांत इंग्लंडकडून २-१ अशी हार झाली, तेव्हां युसेबिओ रडत रडत मैदानाबाहेर पडला. स्पर्धेंतील सर्वाधिक नऊ गोल मात्र त्याचेच ठरले.

ज्या वेगासाठीं प्रतिस्पर्धी त्याला धरीत, त्याच वेगाचें मोल त्याच्या गुडघ्यांनीं भरलें. वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, तरी १९७३ सालीं तो युरोपांतील सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९७५ मध्यें, मोझांबिक स्वतंत्र झालें त्याच वर्षीं, तो अमेरिकेंत खेळावयास गेला.

५ जानेवारी २०१४ रोजीं लिस्बन येथें त्याचें निधन झालें. पोर्तुगालनें तीन दिवस दुखवटा पाळला, आणि २०१५ सालीं त्याचे अवशेष तेथील राष्ट्रीय समाधिमंदिरांत, राष्ट्राध्यक्षांच्या व साहित्यिकांच्या शेजारीं, नेऊन ठेविले. फुटबॉल खेळणाऱ्या कोणासहि हा मान त्यापूर्वीं मिळाला नव्हता.