सरबताच्या पेल्यातील गाळ

आपल्या ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांत अंगठीतील हिरकणी गिळून प्राण देणारी पात्रे अधूनमधून भेटतात. वर्गात असा प्रसंग आला की विज्ञान शाखा सोडून कलेकडे वळलेला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘‘सर, हिरा म्हणजे कार्बनच ना? मग तो खाऊन माणूस मरेल कसा?’’ वर्ग हसतो आणि आपण पुढे सरकतो. पण हिऱ्याच्या चुऱ्याचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका चौकशी आयोगापुढे खरोखरच आला होता आणि त्याच्याशी एका मराठी राजाची गादी बांधलेली होती. हिरा रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय आहे, तो विष नव्हे. त्या पेल्यात मात्र आणखीही एक पदार्थ होता, आणि तो निश्चितच विष होता. तो म्हणजे सोमल.

सोमल, म्हणजे आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड, पिठासारखा दिसतो. त्याला चव जवळजवळ नसते आणि तो अन्नात सहज मिसळतो. तो पोटात गेला की वांत्या, जुलाब, पोटऱ्यांत गोळे अशी जी लक्षणे दिसतात, ती पटकीच्या लक्षणांसारखीच. पटकीच्या साथी नित्याच्या होत्या त्या काळात वैद्याला शंका यायचे कारण नसे, आणि शंका आली तरी ती सिद्ध करता येत नसे. फ्रान्समध्ये या भुकटीला ‘वारशाची भुकटी’ असे नावच पडले होते. हा पेच सोडवण्याचा पहिला समर्थ प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. बडोद्याच्या पेल्यातील गाळ समजून घ्यायचा तर आधी तिकडे जाणे भाग आहे.

वुलिच येथील शाही शस्त्रागारात जेम्स मार्श नावाचा रसायनज्ञ होता. १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जॉर्ज बॉडल या वृद्धाला कॉफीतून सोमल दिल्याचा आरोप त्याच्या नातवावर आला आणि कॉफीची तपासणी मार्शकडे आली. तत्कालीन पद्धतीने त्याने द्रावणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला. आर्सेनिक असेल तर पिवळा साका खाली बसतो, तसा तो बसलाही. पण खटला उभा राहीपर्यंत तो साका बिघडून गेला. ज्युरीला दाखवायला स्वच्छ, टिकाऊ असे काहीच उरले नाही आणि आरोपी निर्दोष सुटला. पुढे त्याने आपला गुन्हा कबूल केला, पण तोवर न्यायालयाचे काम संपले होते.

मार्शच्या मनाला लागलेली गोष्ट येथे नीट पाहिली पाहिजे. त्याला स्वतःला विष सापडले होते. न सापडलेली गोष्ट होती ती दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे ठेवता येईल असा पुरावा. प्रयोगशाळेतील ज्ञान आणि न्यायालयातील पुरावा यांत अंतर असते, ते त्याला या पराभवाने शिकवले. १८३६ मध्ये त्याने आपली नवी कसोटी प्रसिद्ध केली. संशयित पदार्थ जस्त आणि विरल गंधकाम्लाबरोबर ठेवला की हायड्रोजन निघतो. पदार्थात आर्सेनिक असेल तर त्या वायूबरोबर आर्सिन नावाचा विषारी वायूही निघतो. हे मिश्रण तापवलेल्या काचनळीतून जाऊ दिले की आर्सिनचे विघटन होते आणि नळीच्या थंड भागावर काळसर, चकाकणारा धातूचा थर बसतो. त्याला ‘आर्सेनिकचा आरसा’ म्हणू लागले. मिलिग्रॅमचा पन्नासावा हिस्साही या रीतीने ओळखता येई. अँटिमनीचाही असाच थर बसतो, परंतु सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात आर्सेनिकचा थर विरघळतो व अँटिमनीचा तसाच राहतो. मुख्य म्हणजे ही नळी मोहोरबंद करून ज्युरीपुढे ठेवता येत होती.

आता प्रश्न मिटला, असे वाटावे. पण कसोटी जितकी संवेदनक्षम, तितकी ती नको त्या गोष्टीही टिपते. ज्या जस्ताने आर्सेनिक शोधायचे त्या जस्तातच आर्सेनिकचा अंश असेल तर? स्मशानातील मातीतून तो प्रेतात उतरला असेल तर?

१८४० साली फ्रान्समधील त्यूल येथे मारी लाफार्ज हिच्यावर पतीच्या खुनाचा खटला चालला, तेव्हा हे सारे प्रश्न एकदम पुढे आले. स्थानिक वैद्यांनी जुन्या रीतीने तपासणी केली. त्यात नळीच फुटली, तरी विष असल्याचे त्यांनी सांगून टाकले. बचावाच्या वकिलाने पॅरिसचे मात्यू ऑर्फिला यांचे मत मागवले. १८१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या विषांवरील ग्रंथामुळे ज्यांना विषशास्त्राचे जनक मानले जाते, ते हे गृहस्थ. त्यांनी ती तपासणी सदोष ठरवली. मग दुसऱ्या रसायनज्ञांनी मार्शची कसोटी लावली. घरातील खाद्यपदार्थांत सोमल सापडला, पण जठरात नाही. प्रेत उकरून काढले, त्यातही नाही. बचावपक्ष जिंकल्यात जमा होता. तेव्हा सरकार पक्षाने खुद्द ऑर्फिलांनाच पाचारण केले. त्यांनी आधी आपली रसायने निर्दोष असल्याची खात्री करून घेतली, थडग्याभोवतीची माती तपासली, आणि मग प्रेतात आर्सेनिक असल्याचे सांगितले. मारीला जन्मठेप झाली. फ्रांस्वा रास्पाय या रसायनज्ञाने मात्र ऑर्फिलांच्या जस्तावरच बोट ठेवले आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला. निरोगी माणसाच्या हाडांतही स्वभावतः आर्सेनिक असते, असे ऑर्फिलांनी स्वतःच आधी प्रतिपादले होते आणि नंतर ते मागे घेतले होते, हेही विसरता येत नाही.

रास्पायची शंका केवळ वकिली नव्हती, हे १८५९ मध्ये इंग्लंडमधील स्मेथर्स्ट खटल्याने दाखवून दिले. न्यायवैद्यकातील त्या काळचे सर्वांत मोठे इंग्रज नाव, आल्फ्रेड स्वेन टेलर, यांना एका बाटलीत आर्सेनिक सापडले. ती तपासणी राइन्शच्या कसोटीने झाली होती. या कसोटीत संशयित द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून त्यात तांबे बुडवतात आणि आर्सेनिक असेल तर तांब्यावर काळा थर बसतो. पण त्या बाटलीत पोटॅशियम क्लोरेट होते. त्याने तांबेच विरघळवले आणि तांब्यात अशुद्धी म्हणून असलेले आर्सेनिक बाहेर आले. टेलर यांना ज्ञात झालेली चूक त्यांनी भर न्यायालयात कबूल केली. तरीही आरोपीला फाशीची शिक्षा झाली. ती रद्द झाली ती पुढे, गृहमंत्र्यांनी प्रकरण पुन्हा तपासून घेतल्यावर. संशयित पदार्थाशिवाय, नुसत्या रसायनांवर तीच कृती आधी करून पाहायची, हा ‘कोऱ्या चाचणी’चा नियम प्रयोगशाळांच्या अंगवळणी पडला, त्यामागे अशा प्रकरणांचे ओझे आहे.

या पार्श्वभूमीवर बडोद्याकडे वळू. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फिरून आले आणि नेहमीप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट त्यांनी घेतले. थोड्याच वेळात अस्वस्थ वाटू लागले. उरलेले सरबत फेकल्यावर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो प्रथम तपासला आणि मग तो मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक म्हणून काम पाहणारे डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. मार्शनंतर जवळजवळ चाळीस वर्षे उलटली होती, त्यामुळे सोमल ओळखणे आता अवघड नव्हते. गाळात तो निःसंशय होता. त्याखेरीज काही चकचकीत, कठीण कण होते. ते काचेच्या किंवा गारेच्या चुऱ्यासारखे दिसत. त्यांना हिऱ्याचे नाव मिळाले ते मुख्यतः प्रयोगशाळेबाहेरच्या वार्तांतून आणि जबान्यांतून. हिरकणी हे विष, ही जनसामान्यांची समजूत त्या वेळी इतकी रुजलेली होती की कटाच्या कथेत ती सहज बसली. सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसतात. कणांच्या कथा आपण आधीपासून मनात घेऊन बसलेले असतो.

मल्हारराव गायकवाडांचा कारभार चांगला होता असे कोणी म्हणणार नाही. त्याच्याविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८७३ मध्ये मीड आयोग नेमला गेला होता. थोरले बंधू खंडेराव यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून मल्हारराव पूर्वी कैदेतही होते. शिवाय फेअर यांच्याशी त्यांचे वैर उघड होते. त्यांना बडोद्याहून हलवावे अशी विनंती महाराजांनी विषप्रकरणाच्या अवघा आठवडाभर आधी, २ नोव्हेंबरला, व्हाइसरॉयना केली होती. हा हेतूचा पुरावा मानायचा की निर्दोषत्वाचा? ज्याने रीतसर अर्ज केला आहे तो उत्तर येण्याआधीच विष कशाला घालील, असेही म्हणता येतेच.

१८७५ च्या जानेवारीत महाराजांना अटक झाली आणि फेब्रुवारीत आयोगाचे काम सुरू झाले. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. गाळात सोमल होता की नाही, यावर त्यांचा भर नव्हता. तो सोमल पेल्यात आला कसा, हा त्यांचा प्रश्न होता. रेसिडेन्सीतील हवालदार रावजी याने आपण विष घातल्याचे कबूल केले, पण माफीचे अभय मिळाल्यावर. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण ती पोलिसांना सापडली तेव्हा घटनेला कित्येक आठवडे झाले होते. ही पुडी मागाहून ठेवली गेली, असा बचावाचा रोख होता. महाराजांच्या खाजगीकडील दामोदरपंताने सोमल व हिरे मिळवल्याची साक्ष दिली, तीही कैदेत असताना, माफीच्या आशेवर. पुडीतला पदार्थ सोमल आहे, हे प्रयोगशाळा शपथेवर सांगू शकत होती. ती पुडी पट्ट्यात कोणी आणि केव्हा ठेवली, हे सांगणारी काचनळी अजून कोणी घडवलेली नव्हती.

आयोगात सहा सदस्य होते. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेल्विल या तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव यांनी तो सिद्ध मानला नाही. पुरावा एकच, रासायनिक अहवालही तोच, आणि निष्कर्षाची अशी सरळ दुभागणी. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले, पण कारण दिले ते गैरकारभाराचे. ते मद्रासला रवाना झाले आणि १८८२ मध्ये तेथेच वारले. बडोद्याच्या गादीवर दत्तक बालक आले, तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून सर्वांना वंदनीय झाले. त्यांच्या थोर कारकिर्दीमुळे त्या पेल्याचा प्रश्न झाकला गेला, सुटला मात्र नाही.

या तीन-चार खटल्यांकडे एकत्र पाहिले तर न्यायवैद्यकाचा इतिहास केवळ साधनांच्या प्रगतीचा इतिहास राहत नाही. बॉडल खटल्याने शिकवले की पुरावा टिकला पाहिजे. लाफार्ज आणि स्मेथर्स्ट यांनी शिकवले की तपासणाऱ्याने आधी स्वतःची रसायने तपासली पाहिजेत. बडोद्याने शिकवले की नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून गेला, याची साखळी अखंड असली पाहिजे. आज शवचिकित्सेनंतर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून, बरणी मोहोरबंद करून, पावती घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवतात. ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’ या वर्तमानपत्री वाक्यामागे एवढी सगळी परंपरा उभी आहे. आता वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापनाच्या यंत्रांवर ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाइतके द्रव्यही ओळखता येते. पण त्या आकड्याचा अर्थ लावावाच लागतो. मृत्यूनंतर काही औषधे अवयवांतून रक्तात उतरतात आणि हृदयाजवळच्या रक्तातील त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून मांडीच्या शिरेतील रक्त अधिक विश्वासार्ह मानतात. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, परंतु ते विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलते.

पुण्यातील एका विवाहितेच्या सायनाइडने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात १८७५ चा पेच जणू पुन्हा उभा राहिला. पतीला फाशीची शिक्षा झाली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू विषानेच झाला, विष आरोपीच्या ताब्यात होते आणि ते देण्याची संधी त्याला होती, या चारही गोष्टी पाहिल्या पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. या चारांपैकी प्रयोगशाळा ज्याचे थेट उत्तर देऊ शकते असा मुद्दा एकच, दुसरा. उरलेले तीन माणसांच्या साक्षींवर आणि न्यायाधीशाच्या विवेकावर उभे असतात.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला यापुढे सांगता येईल: हिऱ्याने माणूस मरत नाही, बाळा. पण हिऱ्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांच्या हाती निकाल असेल, तर त्या गोष्टीने गादी जाऊ शकते. पेल्यातील गाळ काय आहे हे विज्ञान सांगते. तो गाळ कोणाच्या माथी मारायचा, हे ठरवताना मात्र सिद्ध झाले ते किती आणि आपण मनाने जोडले ते किती, याचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो. १८७५ मध्ये तिघांनी तो एका रीतीने मांडला, तिघांनी दुसऱ्या.