डेक्कन कॉलेज आणि ब्रह्मपुरीचें टेकाड

हुपरीच्या चांदीकामाची ख्याती महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. चांदी-सोन्याच्या दुकानांतील केरही फुकट जात नाहीं. झारेकरी तो धुऊन त्यांतून धातूचे कण वेंचतो. मातीकडे याच दृष्टीनें पाहण्याची शिस्त आपल्या इतिहासाच्या अभ्यासांत ज्या संस्थांनीं आणली, त्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाचें स्थान मोठें आहे.

या संस्थेचा उगम १८२१ सालचा. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जाई. त्या निधीचा कांहीं भाग घेऊन एल्फिन्स्टनसाहेबांनीं पुण्यास संस्कृत पाठशाळा स्थापिली. १८५१ सालीं तिचें पूना कॉलेज झालें व पुढें डेक्कन कॉलेज. इमारतीसाठीं सर जमशेटजी जिजीभाई यांनीं मोठी देणगी दिली. टिळक व आगरकर येथेंच शिकले, डॉ. रामकृष्णपंत भांडारकर येथेंच शिकवीत.

परंतु पूर्वपुण्याईवर संस्था जगत नाहींत. १९३४ सालीं सरकारनें काटकसरीचें कारण पुढें करून कॉलेज बंद केलें. तेव्हां माजी विद्यार्थ्यांनीं थेट न्यायालयाची पायरी चढली. देणगी विद्येसाठीं दिलेली आहे, ती दुसरीकडे वळवितां येणार नाहीं, हा त्यांचा मुद्दा होता. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजीं संशोधनसंस्था या नव्या रूपानें कॉलेज पुन्हां उघडलें.

हें रूप अधिक व्यापक होतें. डॉ. सांकळियांकडे पुरातत्त्व, इरावतीबाई कर्व्यांकडे समाजशास्त्र, शेजवलकरांकडे मराठ्यांचा इतिहास आणि डॉ. कत्र्यांकडे भाषाशास्त्र, अशी विषयांची वांटणी होती. एकाच प्रदेशाची माती, माणसें, दप्तरें व बोली यांचा अभ्यास एका छपराखालीं होऊं लागला.

त्याचें फळ कोल्हापुरासही मिळालें. पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरी टेकाडाचें १९४५-४६ सालीं सांकळिया व मोरेश्वर दीक्षित यांनीं शास्त्रशुद्ध उत्खनन केलें. वरच्या थरांत बहामनी काळ, तर खालीं सातवाहनकालीन विटांचीं घरें आढळलीं. याच टेकाडानें पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची कांशाची मूर्तीही दिली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयांत आहे. समुद्रापलीकडील व्यापाराचा धागा घाट चढून करवीरापर्यंत पोंचला होता, याची ती मूक साक्ष होय.

एखादें टेकाड सपाट करण्यास चार दिवस पुरतात. तें वाचावयास मात्र शिकलेलीं माणसें लागतात, आणि तीं घडविणारी संस्था टिकवावी लागते. १९३४ नंतर ते माजी विद्यार्थी स्वस्थ बसले असते, तर ही साक्ष नोंदवून घेणारे अभ्यासक कोठून मिळाले असते?