बालहस्ताची विद्या आणि चांद्याचें अरण्य

महाराष्ट्रांतील शिक्षणाचा इतिहास लिहितांना आमचे लेखक बहुधा पुण्याहून निघतात आणि मुंबईस पोंचतात. वाटेंत फार तर बडोदें लागतें. वर्धेच्या पलीकडे, वैनगंगा व प्राणहिता यांच्या कांठच्या रानांत काय घडलें, हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं. परंतु अगदीं कोंवळ्या वयाच्या मुलांच्या हातांस शाळेनें कोणतें काम द्यावें, या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास याच बाजूकडे दृष्टि वळवावी लागते. जुना चांदा जिल्हा १९६४ सालापासून चंद्रपूर या नांवानें ओळखला जातो, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याच्या पूर्वेकडील अरण्यमय भागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या दोन जिल्ह्यांच्या शेजारींच सेवाग्राम आहे. आणि प्रस्तुत प्रश्नाचा विचार हिंदुस्थानांत जेथें अत्यंत निष्ठेनें झाला, त्यांपैकीं तें एक ठिकाण होय.

इंग्रजी अमदानींत आमच्या शाळांतून चित्रकला शिरली ती लहान मुलांसाठीं नव्हे. मुंबईस १८५७ सालीं सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीनें कलाशाळा निघाली, आणि तिच्या छायेंत शाळांमधून जें शिक्षण पसरलें त्यांत समोरचा नमुना हुबेहूब उतरविणें, भूमितीच्या आकृत्या रेखणें आणि परीक्षेस बसणें यांस महत्त्व होतें. त्यांतून कुशल हात निर्माण झाले, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु पांच वर्षांचें मूल या व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेरच राहिलें. युरोपांत फ्रोबेलनें १८३७ सालीं खेळ व हस्तोद्योग यांवर आधारलेली बालशाळा काढली. व्हिएन्ना येथें फ्रांझ चिझेक यानें १८९७ सालीं मुलांना मोकळेपणीं चित्रें काढूं देणारा वर्ग चालविला. आणि मॉन्टेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब वस्तींत आपलें बालगृह उघडलें. हे विचार आमच्याकडे आले, पण बराच काळ ते शहरांतील सुखवस्तु घरांपुरतेच राहिले.

ही कोंडी फोडण्याचा मोठा प्रयत्न वर्धेस झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगाभोंवतीं गुंफलेला अभ्यासक्रम तयार केला. त्यांत मातृभाषा व गणित यांच्या बरोबरीनें चित्रकला आणि संगीत यांसही जागा होती. त्याच सुमारास मध्यप्रांतांत पंडित रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर योजना पुढें मांडली; जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी असा तिचा आशय होता. चांदा जिल्हा याच प्रांतांत असल्यामुळें तेथेंही या योजनेची चर्चा पोंचलीच. पण मूळ योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं होती, आणि सुताचा हिशेब हें तिचें बल तसेंच तिचें बंधन होतें. जो उद्योग शाळेचा खर्च भागवील अशी अपेक्षा केली जाते, तो तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं देतां येत नाहीं.

ही उणीव १९४५ सालच्या सेवाग्राम परिषदेनें ओळखली, व सात वर्षांखालील मुलांसाठीं पूर्वबुनियादी शिक्षणाचा विचार नयी तालीमच्या कक्षेंत आणला. त्याच्या आदल्याच वर्षीं, शांतिनिकेतनच्या कलाभवनांत शिकून तयार झालेले देवीप्रसाद सेवाग्रामास कलाशिक्षक म्हणून आले होते. ते १९६२ पर्यंत तेथें राहिले. 'शिक्षा का वाहन : कला' हा त्यांचा ग्रंथ या अनुभवांतून निर्माण झाला. मुलानें चित्र काढावें तें चित्रकार होण्यासाठीं नव्हे, तर त्याचें मन सरळ व निर्भय वाढावें म्हणून, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. चरख्याच्या शेजारीं रंग व कुंभाराची माती यांस बसावयास जागा मिळाली, हें सेवाग्रामच्या इतिहासांतील लहान दिसणारें, पण आमच्या मतें फार मोठें पाऊल होय.

पश्चिमेकडे याच वर्षीं, १९४५ मध्यें, ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. गिजुभाई बधेका यांच्यासह त्यांनीं भावनगरास काम केलें होतें आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. मॉन्टेसोरीपद्धतीचीं साधनें महाग, आणि खेड्याच्या हाताबाहेरचीं. म्हणून ताराबाई व अनुताई वाघ यांनीं शंखशिंपले, बिया, गोटे, पानें यांचींच साधनें केलीं. मूल शाळेंत येत नाहीं तर शाळेनेंच त्याच्या अंगणांत जावें, या विचारांतून अंगणवाडी जन्मली. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव मिळालें; परंतु नांवाबरोबर शिंपले व बिया सर्वत्र गेल्या, असें म्हणवत नाहीं.

आतां अरण्यांतील मुलाकडे वळूं. भामरागड अथवा एटापल्लीकडील माडिया मूल शाळेंत येतें तें रिकाम्या हातानें येत नाहीं. बांबूच्या कामट्या विणून टोपली कशी होते, हें त्यानें घरीं पाहिलेलें असतें. ढोलाच्या ठेक्यावर पाय कसा टाकावा, हें तें गोटुलाच्या अंगणांत पाहून शिकतें. उत्तरेकडे झाडीपट्टींत सुगीनंतर रात्रभर नाटकें रंगतात, आणि आईच्या मांडीवर बसून तीं पाहणारें मूल वेष, सूर व अभिनय यांचा पहिला धडा तेथेंच घेतें. मग शाळा त्याला काय देते? बहुतेक ठिकाणीं एक पाटी, आणि एक परकी भाषा. माडिया ही द्राविड कुळांतील बोली. मराठीशीं तिचें नातें नाहीं. हेमलकसा येथें १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला व १९७६ सालीं तेथें शाळा निघाली, तेव्हां पहिली अडचण हीच होती. जेथें शब्द पोंचत नाहींत तेथें हात पोंचतो. चिखलाचा बैल करणाऱ्या मुलाला मराठी येत नसलें तरी बैल येतो. आणि शिक्षकानें त्या बैलाचें नांव प्रथम मुलाकडून ऐकून घेतलें, तर पुढचा मराठी शब्द आपण होऊन त्याच्या मागून येतो.

येथें एक आक्षेप घेतला जाईल. वनवासी मुलाला पुन्हां बांबू व मातीच द्यावयाची, म्हणजे त्यास पुस्तकापासून दूर ठेवण्याची ही सभ्य युक्ति नव्हे काय? आक्षेप खरा आहे, व त्याचा मान राखला पाहिजे. आदिवासींस हस्तकौशल्य आणि इतरांस गणित, अशी वांटणी कोणी करील तर ती अन्यायाची होईल. परंतु येथें बोलणें तीन ते आठ वर्षांच्या वयाचें चाललें आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेंही हीच वर्षें पायाभूत टप्पा म्हणून वेगळीं काढलीं आहेत. या वयांत नागपूरच्या धनिकाच्या मुलासही माती व रंग हेंच खरें पुस्तक असतें. अरण्यांतील मुलास इतकाच अधिक लाभ कीं, त्याची सामग्री दारांत उगवते.

मात्र ती सामग्रीही बराच काळ त्याची नव्हती. बांबू हा सरकारी जंगलाचा माल गणला जाई. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो गौण वनोपज ठरविला, आणि गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळवून २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवानेही आपल्या हातीं घेतले. ज्या गांवास आपला बांबू तोडण्याचा अधिकार आहे, तेथील मुलाच्या हातांतली कामटी ही त्याच्या स्वत्वाची पहिली खूण होते. शिक्षण व हक्क यांचा हा संबंध सेवाग्रामच्या योजनाकारांनीं जाणला होता. अंमलबजावणी करणाऱ्यांनीं तो पुढें विसरून टाकला.

सारांश, नव्या योजना आंखण्यापूर्वीं या दोन जिल्ह्यांनीं आपल्या शेजारचा हा जुना ठेवा उघडून पाहावा. खर्च थोडा आहे; थोडी माती, थोडा रंग, आणि मुलाची बोली समजणारी एक बाई. यांतील शेवटची वस्तु सर्वांत दुर्मिळ असून तिच्याविना पहिल्या दोन व्यर्थ होत. शाळेच्या पहिल्याच वर्षीं ज्या मुलास आपले हात अडाणी वाटूं लागतात, तें मूल पुढें शाळा सोडतें तेव्हां त्याची नोंद गळतीच्या रकान्यांत होते. परंतु तें त्या दिवशीं गळलेलें नसतें, फार आधीं गळलेलें असतें.