हिपहॉप फॉर पीएचपी

हिपहॉप फॉर पीएचपी हे पीएचपी भाषेतील प्रोग्रॅमचे सी++ भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर होते. फेसबुक कंपनीने ते विकसित करून फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर केले. प्रोग्रॅमिंग भाषेची निवड आणि वेब ॲप्लिकेशनची विस्तारक्षमता यांच्यातील संबंधाचे हे एक महत्त्वाचे उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

२००४ मध्ये सुरू झालेले फेसबुक पीएचपी भाषेत लिहिले गेले होते. पीएचपीमध्ये प्रत्येक विनंतीचे काम स्वतंत्रपणे सुरू होते व उत्तर पाठवल्यावर त्या विनंतीने वापरलेली मेमरी मोकळी केली जाते. त्यामुळे कोणतीही विनंती कोणत्याही सर्व्हरकडे सोपवता येते आणि वापरकर्ते वाढल्यास सर्व्हरची संख्या वाढवून भार विभागता येतो. ही रचना विस्तारास अनुकूल होती. उणीव होती ती वेगाची. पीएचपीचा इंटरप्रिटर चलांचे प्रकार प्रोग्रॅम चालू असताना ठरवत असल्याने प्रोसेसरचा बराच वेळ खर्च होई. २०१० च्या प्रारंभी फेसबुकचे वापरकर्ते ४० कोटींच्या घरात होते. एवढ्या प्रमाणावर या संथपणाची किंमत अधिक सर्व्हर व अधिक वीज या रूपाने मोजावी लागते.

कार्यपद्धती आणि परिणाम

संपूर्ण प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिण्याऐवजी कंपनीने तो चालवण्याची पद्धत बदलली. हिपहॉपने तयार केलेला सी++ प्रोग्रॅम कंपाइल करून सर्व्हरवर चालवला जाई. कंपनीच्या माहितीनुसार वेब सर्व्हरवरील प्रोसेसरचा वापर यामुळे सरासरी सुमारे ५० टक्क्यांनी घटला. मात्र कंपाइल केलेली फाइल एक गिगाबाइटहून मोठी असे आणि ती सर्व सर्व्हरवर पोहोचवावी लागे.

मर्यादा

भाषेचा वेग वाढल्याने डेटाबेसवरील भार हलका होत नाही. त्यासाठी फेसबुकला डेटाची अनेक डेटाबेस सर्व्हरवर विभागणी आणि मेमकॅशे ही तात्पुरती साठवण प्रणाली यांचा आधार घ्यावा लागला.

पुढील वाटचाल

२०१३ मध्ये हिपहॉपची जागा एचएचव्हीएम या व्हर्च्युअल मशीनने घेतली. ते प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करते. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने पीएचपीवर आधारित हॅक ही भाषा जाहीर केली. विकिपीडियानेही २०१४ मध्ये एचएचव्हीएम स्वीकारले होते. डिसेंबर २०१५ मध्ये आलेली पीएचपी ७ ही आवृत्ती पूर्वीपेक्षा बरीच वेगवान ठरली, तर एचएचव्हीएमने २०१९ मध्ये पीएचपीचा आधार थांबवला. त्याच वर्षी विकिपीडिया पुन्हा पीएचपीकडे वळला.